वाफसा येऊ द्या, मग जीप काढा

आमची जीप 1973 ची महिंद्रा सीजे-3बी. उंच बॉनेट, पेट्रोलवर चालणारं चार सिलिंडरचं हरिकेन इंजिन. बाबांनी ती 1986 साली परतवाड्याच्या एका लाकूड व्यापाऱ्याकडून घेतली आणि तेव्हापासून संत्र्याचे क्रेट बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत तीच आणते. गेल्या दोन वर्षांत माझ्या ओळखीतल्या तिघांनी अशा जुन्या जीप घेतल्या. तिघांचेही फोन पावसाळ्यात येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे लिहितो.

घेताना रंग पाहू नका, खाली झोपून चेसी पाहा. आपल्या काळ्या मातीचा गारा चेसीच्या पोकळीत बसतो, महिनोन्‌महिने ओल धरतो आणि लोखंड आतून खातो. पेचकसाच्या मुठीने ठोकत जा. आवाज खणखणीत हवा. जिथे बद्द वाजेल तिथे पेचकस टोचून पाहा. मग इंजिन नंबर आरसीशी जुळवा, कारण यातल्या कित्येक जीपमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं आणि कागदावर पेट्रोलच राहिलं. 2021 पासून 50 वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीला 20,000 रुपये लागतात. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या कामाला चालवता येत नाही. वावरात न्यायची असेल तर साधी नोंदणीच दर 5 वर्षांनी नूतनीकरण करून चालू ठेवा.

आता चिखलाचं. फोर बाय फोर आहे, म्हणजे चारही चाकांना ताकद मिळते, म्हणून कुठेही जाते, हा समज आपल्या पांदणीत पहिल्याच पावसात मोडतो. काळी जमीन पाणी पिऊन फुगते आणि चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षी चार फेऱ्यांत बुजून जाते. मग चारही चाकं नुसती गुळगुळीत रोलरसारखी फिरतात. जोराचा पाऊस झाला की आपण वखर घालत नाही, वाफसा यायची, म्हणजे माती मशागतीपुरती सुकायची, वाट पाहतो. जीपचंही तेच. जाणं टळतच नसेल तर टायरची हवा 18 पाउंडांपर्यंत उतरवा, चिखल लागायच्या आधीच पुढचा एक्सेल जोडा, दुसऱ्या गिअरमध्ये एकसारखी चालवा आणि मधे थांबू नका. डांबरावर आल्यावर आधी हवा भरा आणि पुढचा एक्सेल सोडा. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. मातीत ती घसरून तो फरक मिटवतात, डांबरावर मिटत नाही, आणि सगळा ताण शाफ्टच्या सांध्यावर, म्हणजे क्रॉसवर, नि ट्रान्सफर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या एक्सेलला ताकद वाटणाऱ्या डब्याच्या, दात्यांवर येतो. पुढचा एक्सेल सोडायची दांडी निघत नसेल तर हातोडी मारू नका. थोडं सरळ रिव्हर्स घ्या, ताण सुटला की ती आपोआप येते.

रुंद टायर घालायचा मोह आवरा. त्यांनी जीप दिसते रुबाबदार, पण बेअरिंग आणि स्टीअरिंग दोन्ही लवकर ढिले होतात. आमच्या जीपला अजून 6.00-16 चेच आहेत.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी धुवा. सकाळपर्यंत गारा विटेसारखा होतो. सगळ्यात आधी पुढच्या चाकांमागचे ते लोखंडी गोळे, म्हणजे नकल, ओल्या फडक्याने पुसा. सुकलेली माती गोळ्यावर राहिली तर स्टीअरिंग वळवताना ती सील कापते. मग आत पाणी शिरतं आणि किंगपिनचं, म्हणजे चाक ज्या पिनेवर डावं-उजवं वळतं तिचं, बेअरिंग गंजतं. बेअरिंग गेलं का हे ओळखायला पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वरून आणि खालून धरून हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ थांबला तर दोष चाकाच्या बेअरिंगचा, तरीही राहिला तर किंगपिनचा. ही तपासणी घरी दहा मिनिटांत होते, आणि गॅरेजवाल्याला नेमकं काम सांगता येतं.

तेलाबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मला त्याची किंमत मोजावी लागली. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना जोडून आहेत. मधलं सील झिजलं की तेल एकातून दुसऱ्यात जातं. मी दर महिन्याला फक्त गिअरबॉक्सचं बूच उघडून पाहायचो. तेल काठोकाठ दिसायचं, मी निश्चिंत. एका डिसेंबरात चिखलदऱ्याच्या घाटात खालून भोंग्यासारखा आवाज सुरू झाला. ट्रान्सफर केस जवळजवळ कोरडी होती आणि मधल्या गिअरची पिन जळून निळी पडली होती. म्हातारे मिस्त्री मला एवढंच म्हणाले, “भाऊ, दोन्ही बुचं उघडून पाह्यली काय कधी?” तेव्हापासून दोन्ही बुचं एकाच वेळी उघडतो. एकात जास्त आणि दुसऱ्यात कमी दिसलं की सील बदलायची वेळ झाली. गिअरबॉक्समध्ये जीएल-4 दर्जाचं नव्वद नंबरचं तेल घाला, कारण आत पितळी रिंगा आहेत. एक्सेलच्या मधल्या गोळ्यातल्या गिअरना, म्हणजे डिफरन्शियलला, मात्र जीएल-5 लागतं. बुचातून दुधासारखं तेल निघालं तर नाल्याचं पाणी आत गेलंय. ते त्याच दिवशी काढून टाका.

ग्रीसगन आम्ही दर 1,000 किलोमीटरला फिरवतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते, त्याच दुपारी बाबा जीपचे सगळे निपल, म्हणजे ग्रीस भरायची तोंडं, पुसून ग्रीस भरायचे, जुनं काळं ग्रीस पूर्ण बाहेर येईपर्यंत. बैल आता नाहीत, तो दिवस मी पाळतो.

उन्हाळ्याची अडचण वेगळी. पारा 45 वर गेला की मेकॅनिकल पंपातलं आणि पाइपातलं पेट्रोल वाफ होतं आणि गाडी भर रस्त्यात बंद पडते. ओलं फडकं पंपावर ठेवून पंधरा मिनिटं थांबा, चालू होते. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून जितका दूर नेता येईल तितका न्या. पण हे सारखं व्हायला लागलं तर पंप उघडा. आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. माझ्या पंपातला पेट्रोल ओढणारा रबरी पडदा हातात घेतला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटा झाला. पडदा आणि सगळे रबरी पाइप इथेनॉल सोसणारे घाला. दोन महिने गाडी उभी राहणार असेल तर सीटखालची टाकी रिकामी करून ठेवा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं आणि टाकीला तळातून गंज चढतो.

मार्च ते जून आमच्या जीपमध्ये पाण्याची पाच लिटरची कॅन, जुन्या धोतराचं फडकं, एक पडदा, एक मीटर पाइप आणि दोन क्लिपा असतात.