कार्बन नॅनोट्यूबवर पीएचडी करायचीय? आधी बाटलीत काय आहे ते बघा

एमएस्सी संपवून आमच्या कार्बन नॅनोट्यूबच्या (कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्यांच्या) लॅबमध्ये चौकशीला येणारी मुलं बहुतेक एकच विचारतात. 'ताई, अ‍ॅप्लिकेशन कुठलं घेऊ? सेन्सर, बॅटरी की ड्रग डिलिव्हरी?' माझं उत्तर ऐकून त्यांचा चेहरा पडतो. कुठलंही घ्या. पहिलं वर्ष सगळ्यांचं सारखंच जायला हवं. तसं गेलं नाही तर ते तिसऱ्या वर्षी भरून काढावं लागतं, आणि तेव्हा फेलोशिपचे दिवस संपत आलेले असतात.

सिंगल वॉल (एकाच थराची नळी), मल्टी वॉल (थरात थर असलेली), कायरॅलिटी (कार्बनची जाळी कुठल्या कोनात गुंडाळली आहे ते) हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ही गुंडाळी सांगणाऱ्या 'एन' आणि 'एम' या दोन आकड्यांतल्या फरकाला ३ ने भाग गेला तर नळी धातूसारखी, नाही तर सेमीकंडक्टर, हे नेटच्या तयारीत सगळ्यांचंच पाठ होतं. पण बाटलीतून येतं ते सगळं मिसळून येतं, ढोबळमानाने एक तृतीयांश धातूसारख्या आणि बाकीच्या सेमीकंडक्टर. ट्रान्झिस्टरवाल्यांचं सगळं आयुष्य या मिसळीशी भांडण्यात गेलं. स्टॅनफर्डमध्ये २०१३ साली नॅनोट्यूबचा पहिला संगणक झाला, त्यात १७८ ट्रान्झिस्टर होते. एमआयटीच्या २०१९ च्या प्रोसेसरमध्ये १४ हजारांच्या वर. वाचायला भारी वाटतं, पण तुमच्या विद्यापीठात क्लीन रूम (धूळविरहित खोली) नसेल तर या वाटेला जाऊ नका. हौस म्हणूनही नको.

कंपोझिट (दुसऱ्या पदार्थात नळ्या मिसळून केलेलं) तुलनेने सोपं वाटतं. इपॉक्सीत एक टक्क्याच्या आतच नळ्या घातल्या तरी वीज वाहू लागते, कारण लांब नळ्या एकमेकींना टेकून साखळी धरतात. खरी डोकेदुखी त्या गुठळ्या न होता पसरवण्याची. नोकरीचा विचार करत असाल तर बॅटरीकडे बघा. लिथियम-आयनच्या इलेक्ट्रोडमध्ये थोड्या प्रमाणात वाहक म्हणून नॅनोट्यूब घालतात आणि हे काम कारखान्यात होतं, पेपरात नाही. तिथे तुम्हाला 'नवीन काय शोधलं' हे फार कुणी विचारत नाही. स्लरी (इलेक्ट्रोडवर लावायचा पातळ लगदा) किती दिवस टिकते, घट्ट होते का, हे विचारतात. ते ज्याला येतं त्याला काम मिळतं.

आता ज्या सापळ्यात मी अडकले तो. इथे मी लांबण लावणार आहे, कंटाळा आला तरी वाचा.

नॅनोट्यूब आपल्याआपण वाढत नाही. तिला लोखंड, कोबाल्ट, निकेल असं काहीतरी उत्प्रेरक लागतं आणि ते मालात राहून जातं. आपल्याकडे कापरापासून नॅनोट्यूब हा विषय लोकप्रिय आहे आणि त्याला कारणही आहे. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन यांच्या गटाने कापरातून कार्बनचे प्रकार मिळवण्याचं काम नव्वदच्या दशकातच केलं होतं. पुढे जपानमध्ये मुकुल कुमार आणि योशिनोरी आंदो यांनी कापराच्या नळ्यांवर बरंच काम केलं. कापराच्या रेणूतला ऑक्सिजन अमॉर्फस कार्बन जाळायला मदत करतो, असं त्यांचं म्हणणं. स्वस्त, देशी, सगळं छान. पण त्या भट्टीत बहुधा उत्प्रेरकासाठी फेरोसीन हे लोखंडाचं संयुगही जातं, आणि फेरोसीनच्या वजनात सुमारे ३० टक्के लोखंड असतं. ते जातं कुठे? तुमच्या नळ्यांत.

विकत आणलेल्या बाटलीवर 'शुद्धता ९५ टक्के' लिहिलेलं असतं. ही टक्केवारी कशाची, हे विचारा. कार्बनची की नळ्यांची? काजळीही कार्बनच असते.

मी हायड्रोजन पेरॉक्साइडचा सेन्सर करत होते. ग्लासी कार्बन इलेक्ट्रोडवर नळ्यांचा थर दिला की प्रवाह असा काही उसळायचा की ग्राफ बघून मन भरायचं. पेपर पाठवला. रिव्ह्यूअरने दोनच ओळी लिहिल्या. नळ्यांतल्या लोखंडाचं प्रमाण किती? आणि तेवढंच आयर्न ऑक्साइड एकट्याने ठेवलं तर प्रवाह किती येतो? मग टीजीए केलं, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन कसं घटतं ते मोजलं. हवेत तापवत नेलं की कार्बन जळून जातो. भट्टी थंड झाल्यावर क्रूसिबल बाहेर काढलं तर तळाला काळं काहीच नव्हतं, गंजासारखी तांबूस तपकिरी भुकटी होती. ते आयर्न ऑक्साइड. (हिशेब करताना विसरू नका: उरलेल्या फेरिक ऑक्साइडच्या वजनाच्या साधारण ७० टक्के लोखंड. म्हणजे ८ टक्के उरलं तर लोखंड ५.६ टक्के. मुलं सरळ ८ लिहून मोकळी होतात.)

हे आधीच छापून आलं होतं, मी वाचलं नव्हतं इतकंच. ऑक्सफर्डमध्ये रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्येच दाखवलं होतं की मल्टी वॉल नळ्यांच्या इलेक्ट्रोडवर पेरॉक्साइडचा जो प्रतिसाद दिसतो, त्याच्या मुळाशी नळ्यांतले आयर्न ऑक्साइडचे कण आहेत. मग लोक म्हणतात, अ‍ॅसिडने धुऊन टाकू. मीही नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये रिफ्लक्स लावला (उकळत ठेवलं). धातू कमी होतो, संपत नाही. त्या कणांवर ग्राफीनचे थर चढलेले असतात आणि अ‍ॅसिड आत पोहोचतच नाही. मार्टिन पुमेरा यांनी २००७ मध्ये हे टीईएमने (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने) दाखवलंय.

आणि अ‍ॅसिडमुळे दुसरंच लचांड उभं राहतं. एफटीआयआरमध्ये (इन्फ्रारेड प्रकाशाने रासायनिक गट ओळखणाऱ्या चाचणीत) कार्बॉक्सिल या आम्लगटाचा पीक दिसतो, गाईड खूश, 'फंक्शनलायझेशन झालं' (नळीवर हवे ते गट जोडले गेले) म्हणून अहवालात लिहिलं जातं. पण अ‍ॅसिडने कार्बनचे बारीक तुकडेही तयार होतात, कार्बॉक्सिल त्यांच्यावर असतं आणि ते नळ्यांना चिकटून बसलेले असतात. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडने धुऊन गाळा. खाली येणारं पाणी चहासारखं तपकिरी दिसलं की समजायचं, तुमचं निम्मंअधिक 'फंक्शनलायझेशन' फिल्टरखाली निघून चाललंय. धुतल्यावर परत एफटीआयआर, परत रमण (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशाची चाचणी) घ्या. रमणमध्ये डी बँड (जाळीतले दोष दाखवणारा) आणि जी बँड (नीट जाळी दाखवणारा) यांचं गुणोत्तर ताडताना लेझर तोच ठेवा. लेझर बदलला की गुणोत्तर बदलतं, नळी तीच असली तरी.

हे फक्त इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत होतं असं समजू नका. नळ्यांत हायड्रोजन साठवायची लाट आली होती तेव्हा मोठमोठे आकडे छापून आले. नंतर स्टुटगार्टच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या हिर्शर यांच्या गटाने दाखवलं की सॉनिकेट केलेल्या (अल्ट्रासाउंडच्या प्रोबने पसरवलेल्या) नळ्यांत हायड्रोजन धरत होतं ते टायटॅनियम मिश्रधातू, प्रोबच्या टोकाचं झिजून आत पडलेलं. तुमच्या लॅबमधल्या प्रोब सॉनिकेटरचं टोक आज जाऊन बघा. खडबडीत, खाचखळगे पडलेलं दिसेल. ते झिजलेलं तुमच्या नमुन्यात आहे.

बायोवाल्यांचं वेगळंच. एमटीटीमध्ये (पेशी जिवंत आहेत का हे रंगावरून ठरवणाऱ्या चाचणीत) पेशींनी बनवलेले फॉर्माझानचे स्फटिक नळ्यांना चिकटतात आणि विरघळत नाहीत, मग मशीन म्हणतं पेशी मेल्या. जर्मनीतल्या एका गटाने २००६ मध्ये ए५४९ या माणसाच्या फुप्फुसाच्या पेशींवर हे दाखवलं: २४ तासांनी एमटीटीत विषारीपणा सुमारे ५० टक्के, आणि तोच प्रयोग डब्ल्यूएसटी-१ या तशाच दुसऱ्या चाचणीने केला तर काही नाही. पेशींच्या कामात एकाच चाचणीवर निष्कर्ष लिहिणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसत नाही, मग त्याची पदवी कितीही मोठी असो.

तेव्हा अ‍ॅप्लिकेशन कुठलंही असो, पहिल्या सहा महिन्यांत कंट्रोल (नळ्यांशिवायचे तुलनेचे प्रयोग) लावून ठेवा. नुसता सरफॅक्टंट (नळ्या पाण्यात पसरवणारा साबणासारखा पदार्थ). नुसतं त्या धातूचं ऑक्साइड, टीजीएमध्ये निघालं तेवढ्याच प्रमाणात. नुसती काजळी. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी वेगळं. इलेक्ट्रोकेमिस्ट्री असेल तर एज-प्लेन ग्राफाइटचा (थरांच्या कडा उघड्या असलेला) इलेक्ट्रोडही. तो कित्येकदा नॅनोट्यूबइतकाच चांगला चालतो आणि मग तुमच्या नळीचं कौतुक कशाला, हा प्रश्न व्हायव्हात येणारच. शेजारी कोण बसलंय हे न बघता कर्तबगारी नळीच्या नावावर मांडायची नाही.

घाबरवतेय असं वाटत असेल तर थांबा. यात वाईट काही नाही. रिव्ह्यूअरच्या त्या दोन ओळींनंतर कंट्रोल्ससकट पेपर पुन्हा लिहिला. सेन्सरची बढाई कमी झाली आणि नळ्यांतल्या लोखंडाचा हिशेब हाच मुख्य मुद्दा झाला. तो पेपर लागला. टीजीए आणि रमण नीट वाचता येणारी मुलगी लॅबमध्ये सगळ्यांना लागते, आणि त्यातून इतरांच्या कामात नावही लागतं. यंत्रं कॉलेजात नसतील तर आयआयटी मुंबईच्या सैफसारख्या सुविधेत पैसे भरून नमुने देता येतात. नमुने थोडे पण नीट निवडून द्या, आणि आपला कंट्रोल त्यात आहे ना ते बघा.

शॉर्टकटबद्दल एकदाच बोलते. 'तयार कार्बॉक्सिलेटेड नळ्या' विकत मिळतात, घ्या हवं तर, पण वर लिहिलेलं सगळं त्यांनाही लागू आहे. प्रस्तावनेत इजिमा यांच्या १९९१ च्या नॅनोट्यूबच्या पेपरापासून सुरुवात करून, नळ्या सापडल्या त्या दमास्कसच्या जुन्या तलवारीपर्यंत जाणारी पाच पानं कुणी वाचत नाही. रशियन शास्त्रज्ञांनी १९५२ मध्येच अशा पोकळ तंतूंची चित्रं छापली होती, हे माहीत असलेला परीक्षक मात्र तुम्हाला तिथे अडकवू शकतो.

आणि गाईड. मोठ्या नावापेक्षा लॅबमध्ये रोज बसणारा सीनियर मला केव्हाही जास्त कामाचा वाटतो. प्रवेश घेण्याआधी तिथून बाहेर पडलेल्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करा. पेपर किती लागले हे विचारू नका. जुना बॅच संपून नवीन बाटली आली तेव्हा प्रयोग पुन्हा जमला का, ते विचारा. त्याने जरा वेळ घेऊन सगळं सविस्तर सांगितलं तर लॅब चांगली आहे. 'आम्हाला काही अडचण आली नाही' म्हणाला तर मी तिथे जाणार नाही.

शेवटचं, आणि यात सवलत नाही. कोरडी पूड हलक्यात घेऊ नका. ती स्टॅटिकने स्पॅचुलाला, बटर पेपरला, हातमोज्याला चिकटते, आणि फ्यूम हूडचा झोत जास्त असेल तर उडते. २००८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात लांब मल्टी वॉल नळ्यांचा परिणाम अ‍ॅस्बेस्टॉससारखा दिसला. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-सुरक्षा संस्थेने २०१३ मध्ये हवेतली मर्यादा घनमीटरला १ मायक्रोग्राम अशी सुचवली आहे. आयएआरसी या आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेने मल्टी वॉलपैकी एमडब्ल्यूसीएनटी-७ या प्रकाराला २बी गटात, म्हणजे माणसात कर्करोगाची शक्यता असलेल्यांत, टाकलंय. सर्जिकल मास्क चालत नाही, एन-९५ लावा. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब टाकून पूड आधी ओली करा, मग हलवा. सांडली तर झाडू नाही, ओल्या टिश्यूने पुसायची. आणि धुतलेलं काळं पाणी सिंकमध्ये ओतायचं नाही. लेबल लावलेल्या बाटलीत साठवायचं. ती बाटली कोण उचलतं हे रुजू झाल्याच्या पहिल्याच आठवड्यात स्टोअरमध्ये विचारून घ्या, कारण कित्येक कॉलेजांत ते कुणालाच माहीत नसतं.