फेंगड्या पायांसाठी खुब्याचे व्यायाम: योग्य स्नायू कामाला कसा लावावा?

मोठ्या माणसाची वाकलेली हाडं व्यायामानं सरळ होत नाहीत. कोणी मालिश करून पाय सरळ करून देतो म्हणत असेल, तर ते पैसे बियाण्याला ठेवा. व्यायाम करायचा तो गुडघे आणि खुबे टिकावेत म्हणून. फेंगड्या पायात भार गुडघ्याच्या आतल्या बाजूवर जास्त येतो. शिवाय चालताना दर पावलाला आपण क्षणभर एकाच पायावर असतो. तेवढा वेळ कंबर सरळ धरण्याचं काम खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू करतो. डॉक्टर त्याला ग्लुटिअस मीडियस म्हणतात. तो ढिला असला की माणूस डुलत चालतो.

आधी स्नायू शोधा. ओसरीच्या खांबाला डाव्या हातानं धरा. उजव्या हाताची बोटं उजव्या कुशीवर, कमरेच्या हाडाच्या कडेखाली रोवा आणि डावा पाय उचला. बोटांखाली जे टणक होतं, तोच तो. पुढच्या प्रत्येक व्यायामात तो असाच टणक व्हायला हवा, नाहीतर पन्नास वेळा केलं तरी फुकट.

कुशीवर झोपून पाय उचलणे. सगळ्यात कामाचा व्यायाम हाच, म्हणून सावकाश शिका. भिंतीला पाठ लावून चटईवर कुशीवर झोपा. बाया-माणसांना लुगड्यापेक्षा सलवार बरी पडते. खालचा पाय दुमडा, वरचा सरळ ठेवा. टाच भिंतीला घासत वीतभर वर न्या, दोन श्वास थांबा, हळूच खाली आणा. बोटं समोर किंवा किंचित जमिनीकडे असू द्या. ती आढ्याकडे वळली, किंवा टाच भिंतीपासून सुटून पाय पुढं आला, की मांडीच्या पुढचे स्नायू काम उचलतात आणि आपला गडी आराम करतो. फेंगड्या पायाच्या माणसाला बोटं बाहेर फिरवायची सवय असेल तर इथं ती हमखास दिसते. आठ-दहा वेळा, दोन्ही बाजूंनी, एक दिवसाआड.

पूल. उताणे झोपून गुडघे दुमडा, पार्श्वभाग आवळून कंबर वर उचला. पाठ ताणू नका. मांडीच्या मागं गोळा येत असेल तर टाचा जवळ घ्या.

ट्यूब लावून आडवं चालणे. हे दोन्ही सहज जमायला लागले की मगच. सायकलच्या जुन्या ट्यूबचा वेढा गुडघ्यांच्या वर बांधा. घोट्याला बांधलं तर गुडघ्यावर ताण येतो. थोडं वाकून दहा पावलं उजवीकडे, दहा डावीकडे. ‘गुडघे बाहेर ढकला’ हे मोबाईलवर नेहमी ऐकू येतं, पण तुमचे आधीच बाहेर आहेत. गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिली म्हणजे झालं.

सोंगणी-वेचणीच्या दिवसांत फक्त कुशीवरचा व्यायाम ठेवा. स्नायू ठणकला तर चालतं. गुडघ्याच्या आत टोचलं किंवा सूज आली तर थांबा आणि दवाखान्यात दाखवा.

दोन वर्षांच्या आतल्या बाळाचे पाय बाकदार असणं स्वाभाविक आहे. त्यानंतरही बाक वाढत असेल किंवा एकच पाय वाकत असेल तर व्यायामाच्या नादी न लागता डॉक्टर गाठा. ड जीवनसत्त्व कमी असू शकतं. यवतमाळ-चंद्रपूरकडच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तेही हाडं वाकवतं. लिटरमागं दीड मिलिग्रॅमच्या वर ते पिण्याजोगं नाही. पाण्याचा नमुना तपासायला द्यायचा, हे ग्रामपंचायतीला सांगा.