रेस्क्यू डायव्हरच्या कोर्सला निघण्याआधी: सोलापूरकरांसाठी तयारी

आपल्याकडचे बरेच जण विहिरीत पोहायला शिकलेले. कठड्यावरून सूर मारायचा आणि छातीत श्वास कोंडून तळ गाठायचा. तारकर्ली-मालवणला रेस्क्यू डायव्हरचा, म्हणजे सिलिंडर लावून डाइव्ह करताना अडचणीत आलेल्याला वाचवायचा, कोर्स करायला निघणार असाल, तर आधी ही सवय मोडायला घ्या. विहिरीत बुडी मारणारा वरची हवा घेऊन खाली जातो, त्यामुळे वर येताना ती फक्त मूळ आकाराला येते. सिलिंडरवर श्वास घेणारा मात्र 10 मीटरवर दुप्पट दाबाची हवा छातीत भरत असतो. ती कोंडून तो वर आला तर तीच हवा दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटतं. त्यासाठी शेवटचे दीड-दोन मीटरही पुरतात. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही, हे डोक्याला पटून भागत नाही. घाबरलेल्या क्षणी शरीर जुनंच करतं, म्हणून शरीरालाच नवं शिकवावं लागतं.

ते काम सोलापुरातल्या स्विमिंग टँकवर होतं, समुद्र लागत नाही. छातीएवढ्या पाण्यात मास्क न लावता, नाक पाण्यात ठेवून फक्त स्नॉर्कलमधून, म्हणजे तोंडात धरायच्या नळीतून, श्वास घ्या. पहिल्यांदा ठसका लागेल, नाकात पाणी जाईल. ठसका लागूनही डोकं वर न काढता श्वास चालू ठेवता येईपर्यंत रोज करा. मग पाण्याखाली आडवं पोहत तोंडाने सलग ‘आ’ म्हणत 9 मीटर जा. हवा संपून एकट्याने वर येण्याची वेळ आली तर हेच करायचं असतं. श्वास रोखण्याच्या पैजा मात्र टँकवर लावू नका. जोरजोरात श्वास घेऊन बुडी मारणारे चांगले पोहणारेही पाण्यातच बेशुद्ध पडतात. उजनीत जाऊन सराव करू असं कुणी सुचवलं तर नको म्हणा. तिथलं पाणी गढूळ असतंच, शिवाय समुद्रसपाटीपासून 300 मीटरपेक्षा उंचावरच्या पाण्यात डाइव्हचं गणितही वेगळं मांडावं लागतं.

कागदपत्रांत आरोग्याचा फॉर्म येतो. तो खरा भरा. दमा, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन यांतलं काही असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांची सही घ्या. सर्दी झाली असेल तर तारीख पुढे ढकला. गोळी घेऊन खाली गेलात आणि तिचा असर तिथेच उतरला, तर वर येताना कान अडतात. प्रथमोपचार आणि सीपीआरचं प्रशिक्षण ताजं हवं, दोन वर्षांपेक्षा जुनं चालत नाही. छाती 30 वेळा दाबून 2 श्वास, हे बहुतेकांना पाठ असतं. पण बुडालेल्या माणसाला मुळात हवा मिळालेली नसते, म्हणून त्याच्या बाबतीत सुरुवात श्वासाने करायची.

आता बडी. ज्याच्याबरोबर उतरणार, त्याच्याशी खुणा सोलापुरातच पक्क्या करा. सगळं ठीक म्हणून आपण सहज अंगठा दाखवतो, पाण्याखाली त्याचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. हवा संपली तर गळ्यासमोरून आडवा हात. बडी दिसेनासा झाला तर एक मिनिट शोधायचं आणि मग सावकाश वर यायचं. तोही तेच करणार, हे दोघांनी आधी ठरवलेलं असलं तरच ही युक्ती चालते.

बोटीवर एकमेकांचं सामान तपासताना घाई करू नका. बीसीडी (हवा भरून तरंगायचं जॅकेट) फुगते का, वेट बेल्टचा (वजनांच्या पट्ट्याचा) बकल एका हाताने सुटतो का, ऑक्टोपस (बडीला हवा द्यायचा जादा रेग्युलेटर) हनुवटी आणि बरगड्यांच्या मध्ये, चटकन हाती येईल असा लावलाय का, हे बघा. सिलिंडरमधल्या हवेचा दाब बारमध्ये दाखवणाऱ्या गेजकडे बघत चार श्वास घ्या. 200 बारवरचा काटा श्वासागणिक खाली येऊन परत वर जात असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला नाही. वर ही हवा पुरेशी वाटते, खोलवर गेल्यावर कमी पडते. 100 बारला परत फिरायचं आणि 50 बार शिल्लक ठेवून बोटीवर यायचं.

कोर्समधला सगळ्यात कठीण भाग म्हणजे पृष्ठभागावर घाबरलेला माणूस. मास्क कपाळावर सरकवलेला, रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारा तोंडातला भाग) फेकलेला, डोळे विस्फारलेले. तो मदत मागत नाही, दिसेल त्याच्यावर चढायला बघतो. थेट समोरून जाऊ नका. आधी लांबून मोठ्याने बोला, तरंगणारं काही त्याच्याकडे ढकला, मग मागून जाऊन त्याची बीसीडी फुगवा आणि वजनं सोडा. त्याने धरलंच, तर तुमचा रेग्युलेटर तोंडात असू द्या आणि खाली जा. तो पाण्याखाली यायला तयार नसतो, पकड सोडतो. वाचवायला जाणाराच बुडाला अशा बातम्या दर उन्हाळ्यात येतात, म्हणून हा भाग इन्स्ट्रक्टरकडून पुन्हा पुन्हा करून घ्या.

बोटीवर ऑक्सिजनचा सिलिंडर आहे का, भरलेला आहे का, हे विचारायला लाजू नका. 108 नंबर आणि जवळच्या हायपरबारिक चेंबरचा (जिथे वाढवलेल्या दाबाखाली ऑक्सिजन देऊन उपचार करतात) फोन कागदावर लिहून ठेवा. बॅगेत एक सोलापुरी चादर टाका, पाण्यातून काढलेल्या माणसाला गुंडाळायला उपयोगी पडते.

परतीचा बेत मात्र आत्ताच ठरवा. कोल्हापूरमार्गे येताना करूळ किंवा फोंडा घाट चढावा लागतो, आणि सोलापूर स्वतःच सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. अंगात विरघळलेला नायट्रोजन पूर्ण निघण्याआधी वर चढलात तर त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानासाठी एका डाइव्हनंतर 12 तास, अनेक डाइव्हनंतर 18 तास थांबण्याचा संकेत आहे. घाटालाही मी तोच लावते, म्हणजे शेवटची रात्र मालवणातच. घरी आल्यावर सांधा ठणकला, मुंग्या आल्या, अंगावर चट्टे उठले, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका. दवाखान्यात गेल्या गेल्या डाइव्ह केल्याचं सांगा, ऑक्सिजन मागा, आणि किती मीटर, किती मिनिटं, शेवटची डाइव्ह किती वाजता हे केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा.