पक्षीगृहात कीपरच्या हाताखाली एक दिवस

प्राणिसंग्रहालयाच्या पक्षीगृहात कीपरच्या, म्हणजे पक्ष्यांची निगा राखणाऱ्याच्या, मदतीला गेलात, तर झाडू हातात घेण्याआधी जाळीबाहेर पाच मिनिटं उभं राहून पक्षी मोजायचे. पक्षी आजार लपवतो, कारण जंगलात अशक्त दिसणारा आधी टिपला जातो. पिसं फुलवून तो कोपऱ्यात बसलेला दिसतो, तोवर दुखणं बरंच पुढे गेलेलं असतं. विष्ठा त्याच्या आधी बोलते. निरोगी विष्ठेत हिरवट-तपकिरी मळ, पांढरं युरेट (लघवीचा घट्ट भाग) आणि थोडं पाणी वेगवेगळं दिसतं. पांढऱ्या भागावर पिवळी-हिरवी झाक आली, की यकृताची शंका घेतात. असं काही दिसलं तर ती जागा धुऊ नका, आधी कीपरला दाखवा.

आत जायला दोन दारं असतात. पहिलं नीट लागल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही. दाराशी परमँगनेटचं जंतुनाशक पाणी असेल तर त्यात बूट बुडवा. जांभळा रंग जाऊन ते तपकिरी झालं, की निकामी, बदलायला सांगा.

वाळलेली विष्ठा कधीही कोरडी झाडू नका. पोपटांच्या पिंजऱ्यात तर नाहीच, कारण त्या धुळीतून सिटॅकोसिस हा फुप्फुसांचा आजार माणसाला होतो. मास्क लावा, पाणी शिंपडा, मग खरवडा. साबणाने घासून धुतल्यावरच जंतुनाशक टाका. घाणीवर ओतलेलं वाया जातं. बसायच्या फांद्याही तपासा. सगळ्या एकाच जाडीच्या, गुळगुळीत असल्या तर तळव्याच्या एकाच जागी भार येऊन कातडी झिजते, जखम चिघळते आणि पाय सुजतो. याला बंबलफूट म्हणतात. म्हणून कमी-जास्त जाडीच्या, सालीसकट फांद्या लावतात. कण्हेर विषारी, ती चुकूनही नको.

खरं कसब खाद्याच्या खोलीत आहे. धनेश फळाचा तुकडा चोचीच्या टोकात धरतो, मान मागे झटकून घशात उडवतो आणि अख्खाच गिळतो. त्यामुळे पपई-केळ्याचे तुकडे गिळता येतील एवढेच कापायचे. त्याच्या यकृतात लोह साठण्याचा धोका असतो आणि क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं, म्हणून संत्रं-मोसंबी त्याच्या थाळीत टाळतात. पोपट सूर्यफुलाच्या बियाच वेचून खातो, बाकी टाकतो; मग चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. गाजर, पालेभाजी हवीच. अवोकाडो कुठल्याच पक्ष्याला नाही. घातलेलं आणि उरलेलं, दोन्ही तोलून वहीत लिहा. सव्वाशे ग्रॅमच्या पोपटाचं वजन बारा ग्रॅमने उतरलं, तर ती गंभीर गोष्ट आहे. उन्हाळ्यात कापलेली फळं लवकर आंबतात, ती दुपारच्या आत उचला.

राणीच्या बागेतल्या हम्बोल्ट पेंग्विनसारख्या मासेखाऊ पक्ष्यांची गोष्ट वेगळी. गोठवून ठेवलेल्या मासळीतलं ब-१ जीवनसत्त्व कमी होतं, म्हणून त्याची गोळी माशाच्या कल्ल्यात सरकवून देतात. मासा डोक्याकडून पुढे करायचा, म्हणजे पर आणि खवले घशात अडत नाहीत.

पक्षी धरायचं काम नवख्याला देत नाहीत, आणि ते योग्यच आहे. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला पडदा) नसतं, छातीचं हाड पुढे-मागे हलवूनच तो श्वास घेतो. पंख फडफडतात म्हणून घाबरून छाती आवळली, तर तो हातातच गुदमरतो. दुपारच्या उन्हात पकडापकडीही करत नाहीत.

घरी कोंबड्या किंवा पिंजऱ्यातले पक्षी असतील तर या कामासाठी अर्ज करतानाच सांगा. २००६ मध्ये नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत बर्ड फ्लू आढळला होता. असा विषाणू बुटांवरून, कपड्यांवरून थेट पक्षीगृहात पोचू शकतो.