उन्हाळ्याआधी मधमाश्यांच्या पेट्यांची तयारी: पाणी, सावली आणि वजनाची वही

हिवाळा उबदार गेला की झाडे लवकर फुलतात. तोवर पेटीत मकरंद आणणाऱ्या माश्या पुरेशा झालेल्या नसतात. त्या होतात तेव्हा फुलोरा सरलेला असतो आणि खाणारी तोंडे मात्र भरपूर. त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांवर कामे लावू नका. आठवड्यातून एकदा पेटी मागून किंचित उचलून पाहा, वजनाचा अंदाज वहीत लिहा. हात सरावला की झाकण न उघडताही साठा कळतो.

उन्हाळ्यात पहिली काळजी पाण्याची. पिल्लांच्या भागात माश्या सुमारे 34 ते 35 अंश सेल्सिअस तापमान राखतात. ऊन चढले की त्या पाणी आणून पोळ्यावर पसरतात आणि पंखांनी वारा घालतात. पाणी लांब असेल तर मकरंदाचे काम मागे पडते. पसरट भांड्यात खडे टाकून पाणी ठेवा, नाहीतर माश्या बुडतात. हे ऊन तापण्याआधीच करा आणि भांडे कोरडे पडू देऊ नका. एकदा शेजाऱ्याच्या टाकीची सवय लागली की ती सहजी मोडत नाही.

पेटीवर दुपारची सावली हवी, सकाळचे ऊन चालते. हवा खेळावी म्हणून काहीजण पेटीला चहूकडून फटी ठेवतात. हा उत्साह नडतो. माश्यांनी स्वतः लावलेला वाऱ्याचा झोत त्याने मोडतो. झाकणाखाली काडीएवढी फट पुरे. 40 अंशांच्या पुढे मेण मऊ पडते, मधाने जड झालेले नवे पोळे तुटून पडते. म्हणून तपासणी सकाळीच उरका आणि पोळ्याची चौकट आडवी करू नका.

फुले संपली आणि पेटी हलकी लागली तर साखर व पाणी समभाग घेऊन केलेला पाक संध्याकाळी पेटीच्या आत द्या. बाहेर सांडला तर दुसऱ्या पेट्यांतल्या माश्यांची लूट सुरू होते. विकत आणलेला मध कधीही देऊ नका, त्यातून रोग येतात. मध काढायचा असलेल्या पेटीला पाक नको.

उबदार हिवाळ्यात राणी अंडी घालणे थांबवत नाही. व्हरोआ कोळी (मधमाश्यांवर जगणारा बारीक परजीवी) पिल्लांच्या बंद घरांतच वाढतो, त्यामुळे त्याचीही पैदास अखंड चालते. त्याची मोजणी हिवाळ्यातही करा.

कमजोर पेट्या टंचाईपर्यंत ओढत नेऊ नका. रोग नसल्याची खात्री करून, मध्ये वर्तमानपत्राचा कागद घालून त्या सशक्त पेटीत मिसळा. दोनपैकी चांगली राणी तेवढी ठेवा.