घरात मांजर आणताय? आधी खिडक्या बघा

ठाणे-नवी मुंबईच्या फ्लॅटमध्ये मांजर सांभाळायचं तर आधी भोकं बुजवायची, मग मांजर आणायचं. बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. पिल्लू येतं, गादी येते, खेळणी येतात आणि जाळीवाल्याला फोन करायचं पुढच्या रविवारवर जातं. मांजर पडलं तरी चार पायांवरच उतरतं, ही समजूत अर्धीच खरी. हवेत वळून पाय खाली घेणं त्याला जमतं, पण तिसऱ्या मजल्यावरून पार्किंगच्या पेव्हर ब्लॉकवर उतरताना हनुवटी आपटते, जबडा मोडतो, छातीला मार बसतो. पडल्यावर उठून चालायला लागलं तरी लगेच व्हेटकडे (प्राण्यांच्या डॉक्टरकडे) न्यायचं. फुफ्फुसाला बसलेला मार किंवा फुटलेलं मूत्राशय कधी कधी काही तासांनी त्रास दाखवतं.

पडायचं नेहमीचं कारण म्हणजे कबुतर. एसीच्या बाहेरच्या युनिटवर ते घुमत बसतं, आतून मांजर दबा धरतं आणि झेप घेताना खिडकीची कड विसरतं. पावसात ओली झालेली ग्रॅनाइटची पट्टी उरलंसुरलं काम करते.

खिडक्या, बाल्कनी आणि डक्ट

नव्या टॉवरमध्ये सरकत्या खिडकीला तीन ट्रॅक असतात, त्यातला एक मच्छर-जाळीचा. त्या जाळीच्या भरवशावर खिडकी उघडी टाकू नका. फायबरची जाळी नखांनी कोपऱ्यात उसवते. त्याहून मोठी अडचण म्हणजे ते शटरच हलकं असतं. चार किलोचं मांजर त्यावर लटकलं की शटर ट्रॅकमधून निखळतं आणि मांजरासकट बाहेर जातं. शिवाय पंजा घालून शटर सरकवायला मांजरं पटकन शिकतात.

बाहेरून कबुतर जाळी मारून घेणं हा सगळ्यांत स्वस्त उपाय, पण जाळीवाला ती कबुतरांच्या हिशोबाने मारतो. मोठ्या भोकांची जाळी, फूटभर अंतरावर हुक. कबुतर आत येऊ नये म्हणून एवढं पुरतं. मांजर बाहेर जाऊ नये म्हणून पुरत नाही, कारण दोन हुकांमधली कड ढिली राहते आणि मांजर आधी तिथेच डोकं घालतं. म्हणून काम सुरू होण्याआधीच सांगा: एक इंचाचं भोक, सहा इंचांवर हुक, चारही कडांना जाड दोरी ओवलेली. पैसे देण्यापूर्वी खालच्या कडेला मूठ दाबून बघा. मूठ बाहेर गेली तर मांजरही जाईल. घरात पिल्लू असेल तर मुठीऐवजी तीन बोटं जुळवून हीच तपासणी करा.

नायलॉन उन्हाने ठिसूळ होतं. पश्चिमेच्या खिडकीला ते लवकर होतं. पावसाळा संपला की वर्षातून एकदा जाळी बोटांत धरून जोरात ओढा. तंतू सुटून आले तर ती बदलायची वेळ झाली. काही मांजरांना जाळी चावत बसायची खोड असते. तिथे खालच्या दोन फुटांना स्टेनलेस स्टीलची वेल्डेड जाळी लावून वर नायलॉन ठेवलं तर खर्च आवाक्यात राहतो. इनव्हिजिबल ग्रिल (गजांऐवजी बारीक ताणलेल्या तारांचं) दिसायला छान, पण तिच्या तारा थोड्या वाकतात. दोन तारांमध्ये तीन इंच अंतर असेल तर सडपातळ मांजर आरामात निघतं आणि दोन इंचांतूनही पिल्लू जाऊ शकतं. घरात पिल्लू असेल तर ग्रिलच्या आतून जाळी हवीच.

वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींमध्ये बॉक्स ग्रिल, म्हणजे खिडकीबाहेर पेटीसारखं आलेलं ग्रिल, असतं. ते मांजरासाठी उत्तमच, उन्हात बसायला तयार ओटा! फक्त गजांमधलं अंतर मांजराला मोकळं असतं, तेव्हा आतल्या बाजूने वेल्डेड जाळी टायने बांधून घ्या. प्लॅस्टिकचे टाय ऊन खाऊन तुटतात. स्टीलचे वापरा किंवा बाइंडिंग वायर पिळा आणि तिची टोकं बाहेरच्या बाजूला वळवा. दर्शनी भाग बदलतो म्हणून सोसायटी हरकत घेत असेल तर खिडकीच्या चौकटीत आतून बसणारी जाळी हा बिनबोभाट मार्ग आहे.

आणि बाथरूम. हे जवळजवळ सगळेच विसरतात. डक्टकडच्या, म्हणजे पाइप जातात त्या उभ्या पोकळीकडच्या, खिडकीला काचेच्या आडव्या पट्ट्या असतात. त्यातली एखादी पट्टी आधीच निघालेली असते किंवा एक्झॉस्ट फॅनसाठी पाडलेलं गोल भोक नुसतंच असतं. मांजर त्यातून डक्टमध्ये उतरतं, पाइपांवरून घसरत खाली जातं आणि तळमजल्यावरच्या डक्टच्या दाराची किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच माहीत नसतं. पट्ट्यांवर आतून जाळी स्क्रू करा. तोवर बाथरूमचं दार बंद ठेवायची सवय पाहुण्यांसकट सगळ्यांना लावा.

वॉशिंग मशीन चालू करण्याआधी ड्रममध्ये हात घालून बघणं हेही याच यादीत.

लिटर: जुलै महिन्यात खरी परीक्षा

लिटर म्हणजे मांजराच्या शी-शूच्या ट्रेमध्ये भरायचे शोषक दाणे. ट्रे मोठा घ्या. मांजराच्या नाकापासून शेपटीच्या बुडख्यापर्यंतच्या लांबीच्या दीडपट असेल तर उत्तम, निदान २० बाय १५ इंच तरी हवा. दुकानातल्या झाकणाच्या नाजूक डब्यापेक्षा प्लॅस्टिकचा मोठा टब चांगला. एक बाजू पाच इंचांपर्यंत कापून कडेला टेप लावा. झाकणाच्या डब्यात वास कोंडतो, तो आपल्याला येत नाही पण मांजराला येतो. ट्रेची संख्या मांजरांपेक्षा एकने जास्त असावी असं सगळीकडे सांगतात. वन बीएचकेत एका मांजराला दोन ट्रे ठेवायला जागा नसेल तर एकच ठेवा, मात्र दिवसातून दोनदा उपसा. दोन मांजरांना एक ट्रे मात्र नको. एक जण दुसऱ्याची वाट अडवतो आणि तुमच्या सोफ्याचा मुतारखाना होतो.

गोळे होणारं बेंटोनाइट (एक प्रकारची चिकणमाती) लिटर दोन-अडीच इंच भरा. वर सांगितलेल्या मापाच्या टबला पहिल्यांदा जवळपास १० किलो लागतं, नंतर जेवढं उपसाल तेवढी भर. थर पातळ असेल तर लघवी तळाला पोचते आणि गोळ्याऐवजी चिकट लगदा होतो.

पावसाळ्यात जाड थरातही लगदा होतो. लिटर हवेतली ओल आधीच पिऊन बसलेलं असतं, मग लघवी शोषायला त्यात जागा उरत नाही. उघडी पिशवी तशीच ठेवू नका. घट्ट झाकणाच्या पिंपात किंवा डब्यात ओता. जून ते सप्टेंबर मोठी पिशवी घेण्यात बचत नाही. ट्रे बाथरूममध्ये किंवा पावसाचे शिंतोडे येणाऱ्या ड्राय बाल्कनीत नको. हॉलचा कोपरा नाइलाजाने का होईना, बरा. टोफूचं (सोयाबीनच्या चोथ्याचं) लिटर हलकं आणि कमी धुळीचं असतं, पण ओलीत त्याला बुरशी धरते. आंबूस वास आला की नुसते गोळे काढून भागत नाही, सगळं ओतून ट्रे धुवून, कोरडा पुसून नव्याने भरा. बांधकामावरची रेती फुकट मिळते, म्हणून कोणीतरी सुचवेलच. त्या रेतीत रस्त्यावरच्या मांजरांनी आधीच कार्यभाग उरकलेला असतो, जंत तिथूनच घरात येतात.

उपसताना गोळे मोजत जा. तब्येत कळायची ही सगळ्यांत सोपी खूण आहे. निरोगी मांजराचे दिवसाला लघवीचे दोन ते चार गोळे निघतात, लिंबाएवढे किंवा थोडे मोठे. अचानक खूप आणि मोठे गोळे दिसायला लागले तर मूत्रपिंड किंवा मधुमेहाची तपासणी करून घ्या. बोका वारंवार ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, ओरडतोय आणि गोळा निघत नाही, तर ते बद्धकोष्ठ समजून एरंडेल पाजू नका. मूत्रमार्ग अडकलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो, त्यामुळे रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा.

बेंटोनाइट कमोडमध्ये टाकायचं नाही. ते पाण्यात फुगतं, पाइप तुंबतो आणि टॉवरमध्ये त्याचा प्रसाद खालच्या मजल्याला मिळतो. वर्तमानपत्रात गुंडाळून, ओल्या कचऱ्यात न मिसळता वेगळं द्या; सोसायटीच्या खतखड्ड्यात ही माती कुजत नाही. घरात गरोदर बाई असेल तर उपसण्याचं काम दुसऱ्याने करावं आणि रोज करावं. विष्ठेतून येणारा टोक्सोप्लाझ्मा हा गर्भाला धोक्याचा परजीवी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोजच्या रोज उपसण्याला महत्त्व आहे. यासाठी मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

खाणं-पिणं

दूध-पोळी, दूध-भात यावर मांजर जगताना दिसतं, कारण ते बाहेर उंदीर-पाली मारत असतं. फ्लॅटमध्ये ती सोय नाही. मांजराला टॉरिन हे गरजेचं पोषकद्रव्य मांसातूनच मिळतं. ते कमी पडलं की डोळ्यांचा पडदा आणि हृदय बिघडतं. शाकाहारी घरात मांस शिजवायचं नसेल तर मांजराचं तयार खाणं आणा, पण दही-भातावर ठेवू नका. कुत्र्याचं खाणंही चालत नाही. नुसतं उकडलेलं चिकनही रोजचं जेवण म्हणून अपुरंच, त्यात कॅल्शियम फार कमी असतं. चिकन द्यायचं तर वरखाऊ म्हणून: मीठ, कांदा, लसूण न घालता, हाडं काढून. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात, त्यामुळे रस्श्यातला तुकडा धुवून देणं हा उपाय नाही. सुकट-जवळा खारट असतो, तो टाळा.

चार किलोच्या, नसबंदी झालेल्या मांजराला कोरडं खाणं दिवसाला ५० ते ५५ ग्रॅम पुरतं. एकदा वजनकाट्यावर मोजा आणि त्या मापाची वाटी ठरवून टाका, कारण अंदाजाची मूठ रोज थोडी मोठी होत जाते. कोरड्या खाण्यात पाणी जेमतेम दहा टक्के असतं आणि मांजर मुळात कमी पाणी पितं. दिवसातून एक वेळ ओलं खाणं दिलं की लघवीचे बरेच त्रास लांब राहतात. पाण्याचं भांडं पसरट हवं, खाण्यापासून आणि ट्रेपासून लांब, शक्यतो दोन ठिकाणी.

मुंग्यांवर जुनाच उपाय: ताटलीत बोटभर पाणी घालून त्यात वाटी ठेवा. मुंग्या-झुरळांचा खडू वाटीभोवती ओढू नका. त्यातलं कीटकनाशक पंजाला लागतं आणि पंजा तोंडात जातो. फिनाइलचंही तेच. लादी साध्या साबणाच्या पाण्याने पुसा आणि वाळेपर्यंत मांजराला दुसऱ्या खोलीत ठेवा.

एरवी दोन वेळा जेवणारं मांजर दिवसभर तोंड लावत नसेल तर वाट बघत बसू नका. लठ्ठ मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साचते आणि ते फार आजारी पडतं.

घरातली विषं

पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारू शकते. ताप वाटला म्हणून पाव गोळीही नको. कुत्र्याच्या पिसवांचं मानेवर टाकायचं औषध मांजराला लावू नका. त्यात पर्मेथ्रिन हे कीटकनाशक असेल तर काही तासांत थरथर आणि झटके सुरू होऊ शकतात. पुष्पगुच्छात लिली आली तर गुच्छ दाराबाहेरच सोडा: पाकळी, परागकण, फुलदाणीतलं पाणी, सगळंच मूत्रपिंडाला घातक. मनी प्लांटने तोंड जळजळतं आणि लाळ गळते. त्याची कुंडी उंच टांगा.

राखीचा दोरा, गणपतीच्या मखराची चमकी, सुई-दोरा, मांजा यांकडे मांजर हमखास धावतं. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तर ओढू नका. आत आतडं त्याच्यावर चुण्या पडून ओवलेलं असतं, ओढलं की ते कापतं. तसंच व्हेटकडे न्या.

लसी, नसबंदी आणि रिक्षा

आठव्या आठवड्याच्या सुमारास पहिली ट्रायकॅट (मांजरांच्या तीन संसर्गजन्य आजारांवरची) लस, मग १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी पुढचे डोस, आणि १२ आठवड्यांनंतर रेबीजची. घराबाहेर न पडणाऱ्या मांजरालाही हे लागतं, कारण जंतू चपलेवरून येतात. नसबंदी पाचव्या महिन्याच्या आसपास. भाटी चौथ्या-पाचव्या महिन्यातही माजावर येऊ शकते आणि तेव्हा तिला एकच ध्यास असतो: बाहेर. जाळीची ढिली कड बरोबर त्याच रात्री सापडते.

कॅरिअर कडक प्लॅस्टिकचा, वरूनही उघडणारा घ्या. रिक्षा दोन्ही बाजूंनी उघडी. घाबरलेलं मांजर कापडी पिशवीची चेन डोक्याने ढकलत उघडतं आणि सिग्नलला उडी टाकतं. कापडीच असेल तर दोन्ही चेनची टोकं सेफ्टी पिनने अडकवा. आत जुना टॉवेल, वरून ओढणी टाकून कॅरिअर पायाशी, आडवा ठेवा. एरवीही तो कपाटावर न ठेवता हॉलमध्ये उघडा राहू द्या, अधूनमधून आत खाऊ टाका. नाहीतर कपाटावरून उतरवतानाच मांजर पलंगाखाली पसार होतं. व्हेटच्या टेबलावर समोरच्या दारातून त्याला ओढून काढू नका, वरचं झाकण काढा. बहुतेक तपासणी खालच्या भागात बसल्या बसल्या होते.