इंदुरात नवीन आलात? जनरेटर घेण्याआधी मोटरीवरची पाटी वाचा

इंदुरात बऱ्याच कॉलन्यांत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. नेमकी त्याच सकाळी लाईट गेली, तर पाणी खालच्या हौदात पडून राहतं आणि वरची टाकी कोरडी. पंखे-दिव्यांना इन्व्हर्टर पुरतो, पण पाण्याची मोटर घरगुती इन्व्हर्टरला झेपत नाही. म्हणून हिशेब मोटरीपासूनच सुरू करा; ती किती एचपीची (हॉर्सपॉवरची) आहे, ते तिच्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असतं.

अर्ध्या एचपीची मोटर चालताना 600 वॉटच्या आसपास घेते. सुरू होताना क्षणभर त्याच्या तिप्पट, म्हणजे 1800. फ्रिज 150, तीन पंखे 225, पाच एलईडी 45, राउटर 10, हे झाले 430. 2.5 केव्हीएचा पेट्रोल जनरेटर साधारण 2000 वॉट देतो. सगळं चालू असताना मोटर लावली तर तो गुदमरून बंद पडेल. आधी मोटर, ती लागली की फ्रिज, मग बाकीचं. या क्रमाने तेच मशीन आरामात निभावतं. एक एचपीच्या मोटरीला ते पुरणार नाही. एसी आणि गीझर यातून वगळा. मशीन छोटं घ्या आणि वाचलेले पैसे वायरिंगवर घाला.

दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर सॉकेटमध्ये खुपसून घराला वीज देण्याचा सल्ला कोणी ना कोणी देईलच. कृपा करून ऐकू नका. ती वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते आणि खांबावर चढलेल्या लाईनमनचा जीव घेऊ शकते. शिवाय मेन लाईट परत आली की जनरेटर जळतो. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा दोन पोलचा चेंजओव्हर (घराला एका वेळी मेन लाईट किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच) बसवून घ्या. केबल तांब्याची, तीन कोअरची. 15 मीटरपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटर पुरते. जनरेटर चालू असताना टेस्टर दोन्ही तारांवर मिणमिणला, तर समजा न्यूट्रल अधांतरी आहे, म्हणजे अर्थिंगला जोडलेला नाही. अशा वेळी आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडेलच याची खात्री नसते. न्यूट्रल आणि अर्थिंगची जोडणी त्याच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

मशीन अंगणात किंवा उघड्या गच्चीवर, खिडक्यांपासून किमान 6 मीटर दूर ठेवा. गॅलरीत, जिन्याखाली किंवा बंद पार्किंगमध्ये कधीच नको. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. घरं भिंतीला भिंत लागून असतात, तेव्हा धुराचं तोंड शेजाऱ्यांच्या खिडकीकडे नाही ना, तेही बघा.

इन्व्हर्टर जनरेटरवर चार्ज होत नसेल तर त्याचा स्विच यूपीएसवरून इको मोडवर करा.

बिघाड बहुधा पडून राहिल्यानेच होतो. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल पाणी शोषतं, कार्बोरेटरचं जेट (पेट्रोल जाण्याचं बारीक भोक) तुंबतं, आणि मग मशीन चालू तर होतं, पण लोड पडताच झोपतं. म्हणून काम झालं की इंधनाचा कॉक बंद करून मशीन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. महिन्यातून एकदा 20 मिनिटं लोडवर चालवा. दोरी ओढूनही ठिणगी पडत नसेल तर प्लग बदलण्याआधी ऑइल बघा: पातळी कमी असली किंवा मशीन उतारावर असलं, की ऑइलचा सेन्सर ठिणगीच तोडतो.